भिंगपत्र्यावरचं कुंकू

"आक्का, काचेला नको!"

मी ओरडले, पण तोवर आक्कांचा अंगठा देवीच्या कपाळावर टेकला होता. टेकला म्हणजे चांगला दाबून, गोल फिरवून, सवाष्णीला लावावं तसं ठसठशीत ओलं कुंकू त्यांनी पडद्यावर लावलं आणि दोन पावलं मागे सरकून हात जोडले.

खंडेनवमी होती. कोल्हापुरात उद्यमनगरात त्या दिवशी एक मशीन चालत नाही. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंगचा सेट, सगळे धुऊनपुसून झेंडूचे हार घालून बसतात. वर्षभर ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच पुढे माणसं नारळ फोडतात. आमच्या शेडच्या अर्ध्या भागात लेथ होते आणि अर्ध्या भागात आमचा पडदा. लेथला कुंकू लागलं, ड्रिलला लागलं, मग पडद्याने काय घोडं मारलंय, असं आक्कांना वाटलं असणार. त्यातून पडद्यावर होती साक्षात देवी.

सर्जेराव चौगुले, म्हणजे आक्कांचे धाकटे चिरंजीव आणि मी ज्यांच्याकडे नोकरीला होते ते, नारळ सोलत होते. मी त्यांना दादा म्हणायचे. ते नारळ तसाच हातात घेऊन आले. त्यांचं तोंड एकदम उतरलं. आईला मात्र ते अक्षरही बोलले नाहीत. मला म्हणाले, "हेमा, निघंल काय गं?"

"बघते," मी म्हटलं.

"उद्या सकाळी ती माणसं यायच्यात."

"ठाऊक आहे दादा. बघते म्हटलं ना."

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी विद्यापीठातून पदार्थविज्ञान शिकून बाहेर पडले होते आणि घरचे माझ्यासाठी स्थळं बघत होते. मी मात्र मिरजेहून रोज बसने येऊन एका शेडमध्ये टीव्हीवर प्लॅस्टिक सरकवत बसायचे. आमच्या नातेवाइकांना माझी नोकरी कधी समजली नाही. "टीव्ही दुरुस्ती का?" असं विचारायचे. मीही हो म्हणून मोकळी व्हायचे.

काम असं होतं. साध्या चपट्या टीव्हीच्या काचेवर एक पारदर्शक पत्रा बसवायचा. छपराच्या पन्हळी पत्र्यासारखाच, फक्त पन्हळी केसाएवढ्या बारीक. यातली एकेक पन्हळ म्हणजे एक लांबट उभं भिंग. खालच्या चित्राच्या पट्ट्या ती वाटून देते: ही डाव्या डोळ्याला, ही उजव्याला. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं गेली की डोकं ती जुळवतं आणि चित्र काचेतून उठून समोर येतं. चष्माबिष्मा काही लागत नाही. आम्ही त्याला भिंगपत्रा म्हणायचो. तो बाहेरदेशातून मागवलेला होता. एक चिकटवताना आधीच वाया गेला होता, हा दुसरा आणि शेवटचा.

दादांनी पंपाचे भाग करायचं सोडून हे खूळ डोक्यात घेतलं होतं. खूळ हा शब्द त्यांच्या थोरल्या भावाचा, भीमरावांचा. भीमरावांनी साफ सांगितलं होतं, "दसऱ्यापतोर एक तरी गिऱ्हाईक आण. न्हाईतर तुझा टीव्ही बाहेर आन् माझं चार लेथ आत." ते गिऱ्हाईक दसऱ्याच्याच मुहूर्तावर येणार होतं. भावकाई देवस्थानचे विश्वस्त. डोंगरावरच्या रांगेत उभं राहणं ज्या म्हाताऱ्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी पायथ्याला एक दालन बांधून तिथे देवीचं दर्शन घडवायचं, असं त्यांच्या मनात होतं. आम्ही वर जाऊन मूर्तीचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले होते आणि देवी पडद्यावर आणून बसवली होती. बसवली कसली, ती काचेपासून वीतभर पुढे येऊन हवेत उभी राहायची.

जो यायचा तो हात लावायला जायचा. पोस्टमन, भीमरावांची बायको, शेजारच्या फाउंड्रीतले लोक. आणि सगळ्यांची बोटं काचेच्या अलीकडे हवेतच अडखळायची, कारण देवी त्यांना तिथे दिसायची. मग माणूस माशा हाकलल्यासारखा हवेत हात फिरवायचा आणि ओशाळून हसायचा. आम्हाला त्याची एवढी सवय झाली होती की काचेला हात लावू नका, हे सांगायची वेळच येत नसे. कुणाचा हात तिथपर्यंत पोचतच नव्हता.

पूजा आटोपली, पेढे वाटले, माणसं घरी गेली. मी पदर खोचून पडद्यासमोर बसले. ओलं कुंकू पन्हळींत उतरलं होतं. फडक्याने पुसावं तर लाल रंग आडवा पसरतो, थिनर लावावा तर पत्रा दुधासारखा पांढरा होतो. शेवटी साबणाचं कोमट पाणी आणि माझ्या भाच्याचा रंगाचा मऊ ब्रश घेतला आणि पन्हळीपन्हळीतून वरून खाली, वरून खाली सुरू केलं.

थोड्या वेळाने मान अवघडली म्हणून उठले आणि मागे, आक्का उभ्या होत्या तिथे जाऊन किती निघालंय ते बघितलं. अजून बराच ठिपका होता. देवी पुढे हवेत, आणि ठिपका पार मागे, काचेवर. तिच्या डोक्यामागे कुणी भिंतीवर टिकली चिकटवावी तसा. मला हसू आलं. म्हटलं, आक्कांनी कुंकू लावलं खरं, पण देवीला लागलंच नाही.

मग मात्र हसू थांबलं. आक्कांचा नेम असा चुकेल? जन्मभर दुसऱ्यांच्या कपाळी कुंकू लावत आलेली बाई. शिवाय तिचा हात हवेत अडखळला कसा नाही? सगळ्यांचा अडखळतो. माझाही अडखळतो, आणि मला तर काच कुठे आहे ते झोपेतही सांगता येईल.

मी डावा डोळा मिटला. ठिपका देवीच्या भुवईच्या बाहेर गेला. उजवा मिटला. ठिपका कपाळाच्या बरोब्बर मधोमध येऊन बसला.

मी तशीच उजवा डोळा मिटून, नुसत्या डाव्याने बघत उभी राहिले. कुणी बघितलं असतं तर पोरीला वेड लागलं म्हणालं असतं.

चौगुल्यांचं घर शेडच्या मागेच होतं. आक्का सोप्यात बसून उद्यासाठी आपट्याची पानं निवडत होत्या. त्यांचं नाव काय होतं कोण जाणे. पोरं, सुना, कामगार, सगळे आक्काच म्हणायचे.

"आक्का, जरा येता का? एक बघायचं आहे."

"निघालं व्हय गं कुंकू?" त्यांनी धास्तावून विचारलं. "मी असा कसा येडेपणा केला बघ. देवी समोर दिसली आन् हात गेलाच." कोल्हापूरकडच्या बायका स्वतःला 'मी केला', 'मी आलो' असंच म्हणतात, मला मिरजेची असून त्याची सवय झाली होती.

"निघतंय. तुम्ही या."

त्यांना खुर्चीत बसवलं आणि देवी काढून आमचं तपासणीचं चित्र लावलं. पत्रा नीट बसला की नाही ते आम्ही त्यावर बघायचो. नेमक्या जागी बसलं की डाव्या डोळ्याला नुसता लाल पडदा दिसतो, उजव्याला नुसता हिरवा. दोन्ही उघडे ठेवले तर लाल-हिरव्याचं भांडण लागतं, माणूस डोळे चोळायला लागतो.

"काय दिसतंय आक्का?"

"लाल."

"नुसतं लाल? नीट बघा."

"लालच की. झ्याक हाय."

झ्याक. हा शब्द मी त्यांच्या तोंडून रोज ऐकत होते. संध्याकाळी त्या चहा घेऊन शेडमध्ये यायच्या. दादा सगळं सोडून त्यांना पडद्यासमोर उभं करायचे आणि विचारायचे, "बघ आक्का, आज जरा पुढं आलीया का?" आक्का म्हणायच्या, "लई झ्याक!" काम बिघडलेलं असो की जमलेलं, प्रमाणपत्र एकच. मला त्याची गंमत वाटायची. मी दादांना म्हणायचेसुद्धा, की परीक्षक बदला, या पेपर न तपासता मार्क देतात.

"आक्का, आता डावा डोळा हाताने झाका. मान हलवू नका."

त्यांनी तळहात डोळ्यावर धरला.

"आता?"

त्यांनी दुसऱ्या हाताने खुर्चीची कड चाचपली.

"आता काय दिसतंय?"

"आता काय दिसायचं? दिवा घालवलास की तू," आक्का म्हणाल्या.

मी दिवा घालवला नव्हता. शेडमध्ये लख्ख दुपार होती.

मी त्यांचा हात खाली घेतला. माझ्याकडे बघूनच त्यांना कळलं. पदराने त्यांनी तोंड पुसलं, उगाचच. मग म्हणाल्या, "कळलं व्हय तुला."

"कधीपासून?"

"लई दिस झालं. आधी धुकं यायचं. मग एक दिवस बघतो तर त्या अंगाला कायच न्हाई. म्हातारपण म्हटलं की हे आलंच."

"आणि डावा?"

"त्यो हाय की."

"आक्का."

"समोरचं दिसतंय. कडंचं जरा जरा जातंय. चौकटीला आपटतो अधनंमधनं."

माझे मामा मिरजेत एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. कडेचं जातंय म्हटल्यावर डॉक्टर पेशंटला घरी जाऊ देत नाहीत, एवढं मी ऐकून होते. आणि तेव्हा एकेक आठवायला लागलं. बशीत सांडलेला चहा. सुई ओवायला माझ्याकडे द्यायच्या ती. मी म्हणायचे, आक्का, तुमचं लक्ष कुठे असतं?

"मी आत्ता दादांना सांगते."

आक्कांनी माझं मनगट धरलं. शेतात राबलेला हात तो, चांगलाच आवळला. "नगंस. पोरी, तुझ्या पाया पडतो. उद्या ती माणसं येऊन जाऊ देत."

"हा एकेक दिवस महत्त्वाचा असतो आक्का."

"एवढं दिस गेलं, एक दिस आणि. आत्ता सांगितलंस तर त्यो मला उचलून दवाखान्यात नेणार. मग इथं कोण उभं ऱ्हाणार? भीम्या टपूनच बसलाय. पोरानं एवढी मरमर केली, आन् माझ्या डोळ्यापायी घालवू व्हय?"

"तुम्हाला एकदाही दिसली नाही ना, देवी पुढे आलेली?"

"मला काय ठावं पुढं येती म्हंजे काय? सगळी म्हणत्यात म्हणून मीबी म्हणतो." मग हळूच म्हणाल्या, "त्येला सांगू नगंस हं, की मला दिसतच नव्हतं म्हणून. डोळ्याचं सांग परवा. पर ते नगं."

मी शब्द दिला. सरळ सांगते, मला तो जड गेला. एका बाजूला दादांचं काम आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या आईचा डोळा, आणि तराजू माझ्या हातात, चोवीस वर्षांच्या पोरीच्या. मामांना मात्र मी संध्याकाळीच फोन करून ठेवला, की सणाचा दिवस असला तरी उद्या दुपारी पेशंट आणते. आणि कुंकू पार निघेपर्यंत बसून राहिले, बस चुकली तरी.

दसऱ्याच्या सकाळी विश्वस्त आले. तिघे होते, पण बोलत होते एकटे अध्यक्ष, शामराव खोत. धिप्पाड गृहस्थ, डोक्याला फेटा. दादांनी नवा शर्ट घातला होता, त्याची घडीची रेघ तशीच छातीवर. भीमरावही येऊन लेथजवळ हाताची घडी घालून उभे राहिले.

पडदा लावला. देवी पुढे आली. खोतांनी चपला काढल्या, वाकले आणि पायांना हात लावायला गेले. हात हवेत राहिला.

"आयला!" ते म्हणाले, मग देवीसमोर तो शब्द गेला म्हणून त्यांनी गालावर मारून घेतलं. "अहो, साक्षात उभी आहे की हो!"

बाकीच्या दोघांचंही तेच झालं. दादा मोठ्यांदा हसले. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. भीमरावांची हाताची घडी सुटली.

"पण सर्जेराव," खोत म्हणाले, "आम्हाला दिसून काय उपयोग? आमचे डोळे अजून धड आहेत. दालनात येणार सत्तरीच्या पुढच्या बायका. काठी टेकत येतील, नवस फेडायला येतील. त्यांना दिसली पाहिजे. नाहीतर म्हणतील, देवस्थाननं क्यालेंडरच्या पाया पडायला लावलं."

"दिसणारच की," दादा म्हणाले. "आमच्या आक्काला रोज दिसती. तिनंच पास केलाय पडदा."

आक्का चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. खोतांनी पुढे होऊन स्वतः तो हातातून घेतला. "आक्का, या अशा पुढं. तुम्ही आमच्या आईसारख्या. तुमचा शब्द शेवटचा. तुम्हाला दिसते म्हणालात की आज दसऱ्याच्या मुहूर्तावर काम पक्कं. कशी दिसते सांगा देवी?"

आक्का नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. दादा त्यांच्याकडे बघून हसत होते, उत्तर पाठ असल्यासारखे. एक शब्द होता. रोजचाच होता. मी मनात म्हणत होते, म्हणून टाका आक्का, म्हणा आणि चला, मामा वाट बघतायत.

आक्कांनी देवीकडे बघितलं. हात जोडले. मग म्हणाल्या, "न्हाई दिसत."

"काय?" खोत म्हणाले.

"मला सपाट दिसती. भिंतीवरच्या फोटोगत."

भीमराव एक पाऊल पुढे आले.

"आक्का, रोज तर म्हणतीस—" दादा बोलू लागले.

"रोज तुला म्हणत हुतो रे. तुला म्हटलं तर काय बिघडत न्हाई. ह्या बाया कुठनं कुठनं देवीला यायच्या. माझ्या शब्दावर त्यांना हितं उभं करायचं, आन् त्यांतली एखादी माझ्यासारखी असली म्हंजे? देवीच्या दारात मी खोटी साक्ष कशी देऊ?"

खोत गोंधळून एकदा पडद्याकडे, एकदा आक्कांकडे बघू लागले. "म्हणजे काही दोष आहे का यात?"

दादा आईच्या तोंडाकडे बघत होते. हा पडदा त्यांनी स्वतः बनवला होता. बरोबर जागी उभ्या राहिलेल्या माणसाला देवी सपाट दिसते याचं कारण एकच असू शकतं, हे त्या शेडमध्ये माझ्याशिवाय त्यांना एकट्यालाच कळत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"कुठला डोळा, आक्का?"

दादांनी पुढे होऊन तळहाताने आक्कांचा उजवा डोळा झाकला. "दिसतंय?"

"दिसतंय की."

मग डावा झाकला. या वेळी त्यांनी विचारलंच नाही. आक्कांची बुबुळं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती, कुठेतरी खांद्यापलीकडे होती.

"कवापास्नं?"

"लई झालं."

"म्हंजे पडदा सुरू केला त्याच्या आधी?"

आक्कांनी होकाराची मान डोलावली.

"मग एवढं दिवस रोज हितं उभी राहून बघत काय हुतीस तू?"

"तुला," आक्का म्हणाल्या. "झ्याक म्हटलं की तुझं तोंड फुलायचं. ते दिसत हुतं की मला."

दादांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, सगळ्यांदेखत. मी म्हटलं, "दादा, मिरजेत डॉक्टरांना सांगून ठेवलंय. आत्ता निघालं पाहिजे, डाव्यासाठी." तुला ठाऊक होतं का, असं त्यांनी मला विचारलं नाही, तेव्हाही आणि नंतरही.

देवस्थानाने पडदा घेतला नाही. दिवाळीनंतर त्या जागेत लेथच लागले. उजवा डोळा गेला तो गेला. डावा काचबिंदूच्या थेंबांवर राहिला, आणि अजून आहे. पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी खोत हातात ट्रे धरून उभे होते, पडद्यावर देवी तशीच सुरू होती, आणि दादांनी कुणाकडेही न बघता आईचा हात धरला आणि ते तिला गाडीकडे न्यायला निघाले. शेडच्या दाराशी ते थांबले. त्या दारातून आक्का रोज चहा घेऊन ये-जा करायच्या.

"पायरी हाय, आक्का," ते म्हणाले. "हळू."